मागावर राहिलेल्या दशा

जमीला मिस कुठल्याही उत्तराला बरोबर म्हणत नसत आणि चूकही म्हणत नसत. त्या म्हणत, "और?" उत्तर बरोबर असलं तर हा 'और' जरा लांबायचा, चुकलं असलं तर तुटक यायचा, एवढाच काय तो फरक. माझ्या शेजारी बसणारी द्वारका म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढणाऱ्याचं लई अवघड असंल गं."

मिस ठेंगण्या होत्या आणि भरभर चालत. नवाबपुऱ्यातल्या घरातून बुरखा घालून पायी यायच्या. फाटकातून आत आल्या की तो उतरवून चौकोनी घडी करायच्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवायच्या. बोटं पांढरी झालेली त्यांना खपत नसत, म्हणून खडूला कापडाची चिंधी गुंडाळत. तोंडात कायम लवंग. वर्गात कुणी पेंगलं तर रागवत नसत, एक लवंग पुढं करत. ती इतकी तिखट असायची की झोप आपोआप जायची. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीतून चाले, फाटकाबाहेर उर्दू आणि घरी मराठी. मिसचं तिन्हींशी सारखंच जमायचं. शिकवायच्या इंग्रजीत, खडसावायच्या मराठीत, आणि मनातलं काही निघालंच तर ते दखनी उर्दूत निघायचं.

मला वर्गात बोलायची भीती वाटे. उत्तर तोंडापर्यंत यायचं आणि तिथंच बसून राहायचं. मिसनी मला एकदाही उभं करून बोलायला लावलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "तू ऐकायचं काम कर. तेही कुणीतरी करायला लागतं." म्हणून त्यांच्याविषयी मला जे आठवतं ते बहुतेक ऐकलेलंच आहे.

आमचा मॅट्रिकचा वर्ग शाळेतला पहिला. त्याआधी मुली मिडलपर्यंत शिकायच्या आणि घरी बसायच्या. मिसनी दोन वर्षं शाळेच्या सेक्रेटरीसाहेबांच्या मागं लागून वर्ग सुरू करून घेतला तेव्हा आम्ही चौघी होतो. खालच्या वर्गातल्या मुलींचे वडील आमच्याकडं बघत थांबले होते. आमचं काय होतं त्यावर त्यांच्या मुलींचं ठरणार होतं.

मिसची शिकवण्याची एक तऱ्हा होती. वर्षभरासाठी त्या इंग्रजीतला एकच आडवळणाचा शब्द निवडत आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. तो पुसायचा नाही. "शब्दाच्या घरी नांदायला जावं लागतं," त्या म्हणत. "पहिले सहा महिने तर तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

द्वारका माझ्या कानाशी पुटपुटली, "लग्न न करता ह्यांना बरं ठाऊक."

"और?" मिस फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या. त्यांना पाठीमागचंही ऐकू यायचं.

आमच्या वर्षीचा शब्द होता 'थ्रम'. पहिल्या दिवशी त्यांनी अर्थ सांगितला नाही. टेबलावर उजव्या हाताची बोटं करंगळीपासून एकामागून एक टेकवत राहिल्या, पावसाची सर पत्र्यावरून जावी तसा आवाज आला. "हे करण्याला तो शब्द आहे. और?" मग आम्ही त्या शब्दाच्या पाठीमागं लागलो. कुणी सांगितलं, सतार शिकायच्या आधी मुलं तिच्या तारांवर नुसता हात फिरवतात, तेही थ्रमच. कुणी पाणचक्कीच्या जात्याची घरघर आणली. द्वारकानं तिच्या करमाडच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन आणलं आणि ते तोंडानं वाजवूनही दाखवलं. शाळेतल्या जाड्या डिक्शनरीतून आणखी निघालं. विलायतेत गरिबांच्या टोप्या ज्या उरल्यासुरल्या दोऱ्यांच्या विणत, त्यांच्याशी हा शब्द जोडलेला. तिकडच्या एका फुलाच्या तोंडाशी परागाचे तंतू बाहेर डोकावतात, माळी त्या फुलाला ह्याच शब्दानं ओळखतात. आणि जहाजाला भोक पडलं तर खलाशी दोराचे तुकडे कॅनव्हासमध्ये दाट ओवून ते कापड बाहेरून भोकावर ओढत. पाणीच त्याला आत दाबून बसवायचं.

"करमाडच्या पोरीला समुद्र कशाला सांगता मिस," द्वारका म्हणाली, "आमच्या हिरीला उन्हाळ्यात पाणी नसतंय."

"और?"

"और काय और! संपलं आता. विलायतेतसुद्धा याच्याफुडं काई नसंल."

मिसची बोटं टेबलावर थांबली. "माझ्या वर्गात 'संपलं' म्हणायचं नाही," त्या मराठीत म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी द्वारकानं मुकाट पुस्तक उघडलं. एवढ्याशा थट्टेवर त्यांना राग का यावा हे आम्हाला कळलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या आम्हाला नवाबपुऱ्यात घेऊन गेल्या. मिसचं घराणं हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्यांचं. घराशेजारीच त्यांचे चाचा मागावर बसलेले होते. नुकतंच त्यांनी विणून झालेलं कापड कापून उतरवलं होतं, पण माग मोकळा नव्हता. फणीत आणि तिच्या मागं हातभर लांबीचे सुती दोरे तसेच ताणलेले होते. ते विणता येत नाहीत, तिथं धोटा फिरायला जागाच उरत नाही. चाचा राखेत बोट बुडवायचे, जुन्या दोऱ्याचं टोक आणि नव्या ताण्याच्या उभ्या दोऱ्याचं टोक जुळवायचे आणि चिमटीत पीळ द्यायचे. मग पुढचा दोरा. असे हजारो.

"हा थ्रम," मिस म्हणाल्या. "डिक्शनरीतला पहिला अर्थ. मी मुद्दाम मागं ठेवला होता."

"ह्या तर दशा," द्वारका म्हणाली. "धोतराच्या काठाला असतात तशा."

"हौ. त्याच. काठाला असल्या की शोभा. मागावर असल्या की धंदा." मग त्यांनी समजावलं. ह्या दशा राहिल्या तर नवा ताणा त्यांना सांधून ओढून घ्यायचा, की प्रत्येक दोरा आपापल्या जागी जातो, नक्षीसकट. दशा कापल्या तर सगळा माग पहिल्यापासून भरावा लागतो, आणि नक्षी ज्यानं बांधली तोच नसेल तर ती नक्षी गेली. "म्हणून विणकर माग कधी रिकामा करत नाही. काम नसलं तरी नाही."

तिथून आम्ही मिसच्या घरी गेलो. त्यांच्या अम्मींनी सरबत केलं होतं. ओसरीत आणखी एक माग होता, त्याच्या पाय सोडून बसायच्या खड्ड्यात ज्वारीची पोती रचलेली. फणी स्वच्छ, एक दोरा नाही. द्वारकाच्या तोंडून गेलंच, "मिस, मग हा कसा काय रिकामा?"

मिस सरबत ओतत राहिल्या. अम्मी हसल्या. "इसके अब्बा का माग है बेटी. अब्बा गुजरे, तो ये चालीसवें दिन हैदराबाद से आई. पढ़ने को रही थी वहाँ, खाला के पास. मेहमान आने वाले थे. बोली, अम्मी, अब कौन बैठता इस पे, सब खतम हो गया. कैंची ली और साफ कर दी." त्यांनी एक पेला माझ्यापुढं सरकवला. "चालीसवें के बाद इसके चाचा आए. बोले, भाभी, मैं बैठूँगा भाई के माग पे."

"अम्मी, शक्कर कमी झाली," मिस म्हणाल्या.

"देखो, आज भी बात पलटती."

डिक्शनरीत खुणेसाठी मिस मेंदी रंगाच्या सुती दोऱ्यांचा एक झुपका ठेवत. तो मी कितीदा पाहिला होता. तो कुठल्या मागाचा ते मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीपर्यंत आमच्यातली एकजण लग्न होऊन परभणीला गेली. दुसरीच्या वडिलांची बिदरला बदली झाली. आम्ही दोघी उरलो. आणि दिवाळीच्या सुट्टीला करमाडला गेलेली द्वारका परत आलीच नाही. गुलमंडीतल्या तिच्या मामांनी सांगितलं, आता तिला पाठवणार नाहीत.

सेक्रेटरीसाहेब वाईट माणूस नव्हते. तहसीलदारीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे, वर्गाला 'जमात' म्हणणारे. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर दिसलं तर ते उतरवून ठेवायला सांगत. ते वर्गात आले, मोकळ्या बाकांकडं बघितलं आणि म्हणाले, "एक लड़की की जमात नहीं होती, मिस साहिबा. सोमवार से इसे घर पढ़ने दीजिए."

"द्वारका सोमवारी येतेय," मिस म्हणाल्या.

"पक्का?"

"पक्का."

रविवारी सकाळच्या गाडीनं मिस करमाडला निघाल्या. वर्गातलं कुणी बरोबर असावं म्हणून मला घेतलं. मी बोलणारी नव्हे हे त्यांना ठाऊक होतं, पण माझे वडील वकील असल्यानं त्यांच्या नावाला वजन होतं. वडिलांनी सोबतीला आपले कारकून दिले, ते करमाडच्या स्टेशनवर चहा पीत थांबले.

द्वारकाच्या घराच्या ओसरीवर कापसाचा ढीग पडला होता. तिचे वडील दादाराव उठून उभे राहिले, घोंगडी अंथरली. आई दाराआड पदर सावरून बसली. द्वारका दिसली नाही.

"मिसबाई, पोर लई शिकली. आता बास की," दादाराव म्हणाले. "दोन पोरींचा कुठं वर्ग असतोय व्हय? आमच्या गोठ्यात त्याच्याहून जास्त वासरं हायेत. आन् वर्ग बंद होणार म्हणं."

"वर्ग चालू आहे. सेक्रेटरीसाहेबांनी मंजूर केलाय."

मी घोंगडीच्या काठाकडं बघत राहिले.

दाराआडून आई म्हणाली, "विंग्रजी शिकून म्हस जास्ती दूध देती का वो मिसबाई?"

"नाही देत. मराठी बोललं तर देती का?"

आतून हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं. दादाराव मात्र हसले नाहीत. "तसं नाय. पोरीला जालन्याचं स्थळ आलंय."

"और?"

"और म्हंजे... पोरगा चांगला हाय. निर्व्यसनी हाय."

"और?"

"पंचवीस एकर हाय. दोन हिरी."

"और?"

दादाराव गोंधळले. त्यांच्याकडं एवढी चौकशी आजवर कुणी केली नसावी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगण्यासारखं आणखी काही आहे का ते आठवू लागले. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. धान्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर कुणीतरी बोटं वाजवत होतं. करंगळीपासून एकेक, पुन्हा करंगळीपासून. एका लयीत, न थांबता.

मिसनी मान वर केली नाही. फक्त त्यांच्या मांडीवरचा हात हलला आणि बोटं तशीच, आवाज न करता, वाजू लागली.

"आत काय उंदीर घुसलाय का गं?" दादाराव बायकोवर ओरडले.

"तुमचाच हाय," आई म्हणाली. "चार दिसापासून आसाच वाजतोय. जेवीत बी नाय धड."

मिस म्हणाल्या, "दादाराव, परीक्षेपर्यंत जे स्थळ थांबत नाही ते पळतं स्थळ. आणि पळणाऱ्या माणसाला पंचवीस एकर काय करायचेत?"

ह्यावर ते हसले. हसू यावं असं त्यांच्या मनात नव्हतं, पण आलं. मग कापसाच्या ढिगाकडं बघत म्हणाले, "परीक्षेपतूर. त्याच्याफुडं एक दिस नाय. शबूद द्या."

"परीक्षेपर्यंत," मिस म्हणाल्या. "त्यानंतर मी तुमच्या दारात येणार नाही."

परतीच्या गाडीत द्वारका आमच्याबरोबर होती. चिकलठाणा मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "मिस, साहेबांनी खरंच मंजूर केलंय?"

"करतील."

"म्हंजे तुम्ही माझ्या बापाला खोटं सांगितलं!"

"सेक्रेटरीसाहेबांनाही सांगितलं. तू येतेस म्हणून. उद्या दोन्ही खरं होईल."

द्वारकानं मिसकडं बघितलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "और?" मिस खिडकीकडं तोंड करून हसल्या. त्यांचं हसणं मी पाहिलं ते तेवढंच.

सोमवारी सेक्रेटरीसाहेबांनी दारातून डोकावून द्वारकाला पाहिलं, "अच्छा, आ गई," म्हणाले आणि गेले. त्यानंतर परीक्षेपर्यंत मिसनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. शाळा भरण्याआधी इंग्रजी, सुटल्यावर गणित. गणित मिसचा विषय नव्हता. त्या स्वतः चाचांच्या मुलाकडून घरी शिकून यायच्या आणि आम्हाला शिकवायच्या. द्वारकाला इंग्रजी आवडायचं, गणित मात्र तिच्या अंगाला लागत नसे. मिसचे 'और' त्या तासाला फार तुटक यायचे.

निकाल लागला. मी पास झाले. द्वारका गणितात गेली.

सेक्रेटरीसाहेबांनी पेढे वाटले. मी ऑफिसच्या दाराशी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला उभी होते, म्हणून त्यांचं पुढचं बोलणं मी ऐकलं. "एक लड़की पास हुई, शाळेचं नाव झालं. अब इज़्ज़त से जमात बंद करते हैं, मिस साहिबा. पट पर कोई नहीं है."

"खालून पाच मुली येतायत."

"येऊ इच्छितात. बंद जमात में दाखला कैसे होगा? नए सिरे से मंजुरी मंगवानी पड़ेगी. सालों लगेंगे."

"बंद झाली तर," मिस म्हणाल्या. "नापास झालेल्या मुलीची जागा कायद्यानं राहते. ती बसली तर जमात चालू. चालू जमातीत पाच मुलींना प्रवेश मिळतो."

साहेबांनी चष्मा काढला. कायदा त्यांना आवडत असे. "ठीक है. पण शाळा उघडेल त्या दिवशी ती बाकावर दिसली पाहिजे. आएगी वो?"

मिस ह्यावेळी "आएगी" म्हणाल्या नाहीत. "मालूम नहीं," म्हणाल्या.

त्या करमाडला गेल्या नाहीत. निरोप पाठवला नाही, मामांकडंही कुणाला धाडलं नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "मी पत्र लिहू का?" त्या म्हणाल्या, "मी शब्द दिलाय. तो तुझ्या हातानंही मोडायचा नाही." त्या सुट्टीत रोज शाळेत येऊन त्या आमचा मोकळा वर्ग झाडून घ्यायच्या आणि फळा पुसायच्या, कोपरा सोडून. शिपाई म्हणायचा, "मिस, कोपरा पण पुसू?" तर त्या फडकं आपल्या हातात घ्यायच्या.

शाळा उघडली त्या दिवशी मी घरी राहू शकले नाही. फाटकापाशी जाऊन उभी राहिले. पडद्याचा टांगा आला, लहान मुली उतरल्या. सेक्रेटरीसाहेब वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होते. घंटा होऊन गेली. मिस वर्गाच्या दारात उभ्या होत्या, चौकटीवर त्यांची बोटं वाजत होती.

मग स्टेशनकडून दादाराव येताना दिसले. डोक्यावर पत्र्याची पेटी आणि तोंडावर वैताग. त्यांच्यापुढं चार पावलं द्वारका.

"ह्या पोरीनं डोकं खाल्लं," वऱ्हांड्यात पेटी आदळत ते म्हणाले. "म्हणती, नापास होऊन सासरी गेले तर सासूच्या तोंडी जल्मभर त्येच ऱ्हाईल. मिसबाई, तुम्ही आला नाय, शबूद पाळला. पर हिला काय करून ठिवलंय तुम्ही?"

"और?" मिस म्हणाल्या. हा चांगलाच लांबला होता.

"और काय, ठिवून घ्या!"

मी द्वारकाचा हात धरला. पास झाल्याचं मला उगाच ओझं झालं होतं. तीच म्हणाली, "तुझं कापड झालं बाई. जा आता बाजारात. मी ऱ्हायले मागावर दशी."

"आणि ते जालन्याचं स्थळ?"

"पळालं," ती म्हणाली आणि आत गेली. मिसनी तिला शाबासकी दिली नाही. एक लवंग दिली आणि म्हणाल्या, "गणिताचं पुस्तक काढ."

पुढच्या आठवड्यात मी हैदराबादला कॉलेजात जायला निघाले. संध्याकाळची गाडी होती. दुपारी मिसचा निरोप घ्यायला शाळेत गेले. मॅट्रिकचा वर्ग भरला होता. पुढच्या बाकावर मधोमध द्वारका, तिच्या दोन्ही बाजूंना खालून आलेल्या पाच मुली, दाटीवाटीनं, एकमेकींना खेटून. दुसरे बाक रिकामे असूनही सगळ्या तिथंच बसल्या होत्या. दर वर्षी शब्द बदलायचा. ह्या वर्षी कोपऱ्यातला शब्द जुनाच होता.

मिसनी चष्म्यावरून मला पाहिलं. जवळ बोलावलं नाही. सगळ्या वर्गादेखत दारातच मला विचारलं, "और?"

मी म्हटलं, "आज गाडी आहे, मिस."

"और?"

"तिथं ओळखीचं कुणी नाही."

"और?"

मुली माझ्याकडं बघत होत्या. मी दाराची चौकट धरली. द्वारकानं बाकावर बोटं टेकली, करंगळीपासून, अगदी हळू. मी जरा मोठ्यानं म्हणाले, "भीती वाटते."

"और?"

"येते, मिस."

मी वाट पाहिली. पण पुढं 'और' आला नाही. त्यांनी मान हलवली, खडूवरची चिंधी नीट केली आणि फळ्याच्या कोपऱ्याकडं वळल्या.

"हां द्वारका," त्या म्हणाल्या, "सांग ह्यांना. थ्रम."